चिनी मातीचं गाव : जिंगदेझेन

चाकावरची_माती

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज सकाळपासून पावसानं धरलंय आणि मी भट्टी गार व्हायची वाट बघत बसलेय, तर म्हटलं आता लिहूनच टाकू.

घरात कपबशी फुटली की आपण म्हणतो, अगं चिनी मातीची होती, टिकणार किती. लहानपणापासून हा शब्द तोंडात आहे. पण ही माती चीनमधली नेमकी कुठली, कुठल्या डोंगरातली, हे चाकावर बसायला लागेपर्यंत माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. पुण्यात माझा छोटा स्टुडिओ आहे, भांडी करते आणि शिकवते. गेल्या वर्षी तीन आठवडे जिंगदेझेनला राहून शिकायचा योग आला आणि तेव्हापासून ते गाव डोक्यातून जात नाही.

आधी गाव कुठे आहे ते सांगते. जियांगशी प्रांताचा ईशान्य कोपरा, वर लगेच आनहुई प्रांत लागतो. समुद्र बराच लांब. आनहुईतल्या छीमेनच्या डोंगरात (हो, तोच तो कीमन चहावाला भाग) चांग नदी उगम पावते, दक्षिणेकडे वाहत गावाला चिकटून जाते आणि पुढे पोयांग सरोवराला मिळते. पोयांग म्हणजे चीनमधलं गोड्या पाण्याचं सगळ्यात मोठं सरोवर, आणि ते यांगत्सेला जोडलेलं. म्हणजे गावातून होडीत बसलात की चीनच्या मुख्य जलमार्गावर पोचलातच. बाकी सगळीकडे टेकड्या, पाइनचं रान, चहाचे मळे, आणि जून-जुलैत असा पाऊस की मला घरी आल्यासारखं वाटलं. नदीला पूर येतात, २०२० सालीसुद्धा मोठा आला होता.

जुनं गाव नदीच्या काठाकाठानं लांबच लांब पसरलेलं, रुंदी फार नाही. तिथले लोक त्याला तेरा ली लांबीचं गाव म्हणतात, ली म्हणजे साधारण अर्धा किलोमीटर. नदीकडून आत जाणाऱ्या अरुंद गल्ल्या, आणि गल्लीतल्या कितीतरी घरांच्या भिंती जुन्या भट्ट्यांच्या विटांच्या. भट्टीच्या विटा ठरावीक फायरिंगनंतर (भट्टी पेटवून भाजणं) काढून टाकाव्या लागतात, मग त्या टाकायच्या कशाला, घराला वापरायच्या. त्या विटांवर राखेची आणि काचेसारखी चमकणारी साय चढलेली असते, संध्याकाळचं ऊन पडलं की अख्खी भिंत चकाकते. मी पहिल्या दिवशी त्या भिंतीला हात लावून उभी राहिले होते बराच वेळ.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी हा धागा. हे गाव कधीच कुठली राजधानी नव्हतं, बंदर नव्हतं, बादशहांच्या काळात तर साधं तालुक्याचं ठिकाणसुद्धा नव्हतं. तालुका होता फूलियांग, थोडा वरच्या बाजूला. नावातला 'झेन' म्हणजे बाजारगाव, कसबा म्हणा. चीनमध्ये मोठ्या शहराला तटबंदी असायची, याला तीही नव्हती. तरी हजार वर्षं जगातली सगळ्यात चांगली भांडी इथून गेली, कारण चार गोष्टी हाताच्या अंतरावर होत्या : डोंगरातला दगड, डोंगरातली माती, पाइनचं लाकूड आणि नदी. कुणा राजानं ठरवून वसवलेलं हे गाव नाही, मातीनं वसवलेलं आहे, राजे नंतर आले.

तांग काळात हा भाग चहासाठी जास्त प्रसिद्ध होता. बाय जुयी या कवीच्या ८१६ सालच्या प्रसिद्ध कवितेत एक बाई तक्रार करते की माझा व्यापारी नवरा मला एकटीला टाकून गेल्या महिन्यात फूलियांगला चहा खरेदीला गेला. गावाचं तेव्हाचं एक नाव चांगनान, म्हणजे चांग नदीच्या दक्षिणेचं. मग सोंग घराण्याचा बादशहा झेनझोंग याला इथली भांडी इतकी आवडली की १००४ साली त्यानं आपल्या राजवटीच्या कालखंडाचं 'जिंगदे' हे नावच गावाला दिलं. तेच आजपर्यंत. आमचा गाईड तर सांगत होता की 'चायना' हा शब्दही चांगनानवरूनच आला.

सोंग काळातली इथली भांडी म्हणजे छिंगबाय, पांढऱ्यात किंचित निळसर हिरवट झाक, झिलई जिथे साठते तिथे पाण्याच्या डोहासारखा रंग दिसतो. मंगोल आले (त्यांचं घराणं युआन), त्यांनी १२७८ साली इथे सरकारी पोर्सेलिन खातं उघडलं, पोर्सेलिन म्हणजे ही अस्सल चिनी मातीची भांडी. त्याच काळात इराणकडून निळा रंग देणारा कोबाल्ट यायला लागला आणि पांढऱ्यावर निळं हे जे आपण सगळे ओळखतो ते सुरू झालं. म्हणजे रंग इराणचा, बरंचसं गिऱ्हाईक पश्चिम आशियातलं, माती आणि हात जिंगदेझेनचे. मिंग बादशहांनी गावाच्या मधोमध झूशान टेकडीवर शाही भट्ट्या बसवल्या आणि तिथून पुढे छिंग घराणं संपेपर्यंत राजवाड्याची भांडी इथूनच जात राहिली.

शाही भट्टीतून जे भांडं थोडंसं जरी हुकलं, रंग वाहिला, कड वाकली, ते बाहेर विकायचं नाही, फोडून तिथेच पुरायचं, कारण बादशहाचं भांडं दुसऱ्या कुणाच्या घरी जाता कामा नये. १९८० च्या दशकापासून उत्खननात ते खड्डे सापडत गेले आणि तिथल्या लोकांनी एकेक तुकडा जुळवून भांडी परत उभी केली आहेत. ती बघताना मला रडू आलं खरं सांगते. ज्यानं केलं त्याच्यासमोर फोडलं, आणि पाचसहाशे वर्षांनी कुणीतरी बसून चिकटवलं.

बाकी प्रश्न विचारा, जमेल तसं लिहीन.

भटकभवानी

वा ताई, काय सुंदर लिहिलंय!! मला तर हे गावच माहीत नव्हतं, चीन म्हणजे बीजिंग, शांघाय आणि भिंत. जायचं कसं आणि सीझन कुठला ते पण लिहा ना, यादीत टाकून ठेवते.

चाकावरची_माती

@भटकभवानी, आता सोपं झालंय. २०१७ च्या शेवटी हायस्पीड रेल्वे पोचली आणि डिसेंबर २०२३ मध्ये नानचांग-जिंगदेझेन-ह्वांगशान ही दुसरी लाईन सुरू झाली, त्यामुळे ह्वांगशानचे डोंगर आणि हे गाव एका ट्रिपमध्ये होतं. एप्रिल नाहीतर ऑक्टोबरमध्ये जा, उन्हाळा फार घामट. स्टेशनातून बाहेर पडलं की रस्त्यावरचे दिव्याचे खांबसुद्धा पोर्सेलिनचे दिसतात, निळी नक्षीवाले. खाण्यात तिखट चालत असेल तर मजा आहे, जियांगशीचे लोक आपल्यापेक्षा कमी तिखट खात नाहीत.

शब्दवेडा

लेख आवडला पण त्या गाईडची एक गोष्ट दुरुस्त करायला हवी नाहीतर ती व्हॉट्सअॅपवर फिरेल. चांगनानवरून चायना ही व्युत्पत्ती चीनमध्ये फार लोकप्रिय आहे पण भाषेच्या अभ्यासात ती टिकत नाही. संस्कृतात 'चीन' हा शब्द महाभारतात आहे, कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'चीनपट्ट' म्हणजे चिनी रेशीम आहे. या गावाचं पोर्सेलिन जगात पोचायच्या कितीतरी शतकं आधीपासून आपल्याकडे चीन होताच. बहुतेक अभ्यासक हा शब्द छिन या राज्याच्या नावाशी जोडतात, हे राज्य इसवी सन पूर्व २२१ मध्ये अख्ख्या चीनवर आलं, पण पश्चिमेकडचं राज्य म्हणून त्याच्या कितीतरी आधीपासून होतं. आपल्याकडून इराणी, त्यांच्याकडून पोर्तुगीज, असा तो युरोपात गेला. इंग्रजीत भांड्याला चायना म्हणतात ते देशावरून, देशाला भांड्यावरून नाही. आपलं 'चिनी माती' तसंच.

मात्र जिंगदेझेनच्या परिसरातला एक शब्द खरोखर जगभर गेला आहे, तो म्हणजे केओलिन. गावाच्या ईशान्येला गाओलिंग नावाचं खेडं आहे, गाओ म्हणजे उंच, लिंग म्हणजे डोंगराची धार. तिथली पांढरी माती ती गाओलिंगची माती, फ्रेंच पाद्र्याच्या पत्रातून तो शब्द युरोपात गेला आणि आज जगातल्या प्रत्येक भाषेतल्या भूगर्भशास्त्रात आहे. एका खेड्याच्या नावाला याहून मोठा मान कुठला मिळणार.

चाकावरची_माती

@शब्दवेडा, मनापासून आभार, मी गाईडचं ऐकून तसंच लिहिलं होतं. अर्थशास्त्रातलं चीनपट्ट माहीत नव्हतं. गाओलिंगला मी गेले होते, आता खाण बंद आहे, अठराव्या शतकातच चांगली माती संपत आली होती. पण माती धुऊन उरलेल्या पांढऱ्या वाळूचे ढीग अजून झाडांत तसेच पडलेत, तिथले लोक म्हणतात हिरव्या डोंगरावर बर्फ पडलंय. खाली नदीवर दोंगबू नावाचा जुना धक्का आहे, माती तिथे होड्यांत भरून गावात आणायचे. दगडी फरसबंदीवर एकचाकी गाड्यांच्या चाकोऱ्या उठल्यात, हाताचं बोट बुडेल एवढ्या खोल.

तांबडी_माती

मी सिंधुदुर्गातला, भूगर्भशास्त्र शिकलोय, त्यामुळे राहवत नाही. आमच्याकडेही केओलिनचे साठे आहेत, सरकारी कागदात त्याला 'चायना क्ले'च म्हणतात. ग्रॅनाइटसारख्या खडकातला फेल्डस्पार हजारो लाखो वर्षं पाण्यानं कुजतो, त्यातले क्षार वाहून जातात आणि मागे ही पांढरी मऊ माती उरते. म्हणजे भरपूर पाऊस, उबदार हवा आणि योग्य खडक हे तिन्ही लागतं.

पण नुसतं केओलिन असून भागत नाही. ते वितळतच नाही सहजासहजी, १७०० डिग्रीच्या पुढे जावं लागतं. मग त्यांनी काय केलं ते ताईंनी नीट सांगावं, कारण माझ्या मते जिंगदेझेनची खरी अक्कल त्या मिश्रणात आहे.

चाकावरची_माती

@तांबडी_माती, अगदी बरोबर जागी बोट ठेवलंत, हे लिहायचं राहिलंच होतं.

दोन गोष्टी लागतात. एक गाओलिंगची माती आणि दुसरा पोर्सेलिनचा दगड, ज्यात क्वार्ट्झ आणि अभ्रकाच्या जातीची खनिजं असतात. हा दगड आसपासच्या खोऱ्यांत मिळतो, सानबाओ, याओली वगैरे. ओढ्यावर पाणचक्की, तिला जोडलेले लाकडी हातोडे, ते दिवसरात्र दगड कुटतात. आपल्या पोहे कांडायच्या उखळासारखाच आवाज, फक्त खूप संथ, धप्प... धप्प... मी राहत होते तिथून रात्री ऐकू यायचा. मग ती भुकटी पाण्यात कालवून, वरचं बारीक तेवढं दुसऱ्या हौदात घेऊन, निवळून, तिच्या छोट्या पांढऱ्या विटा पाडतात आणि गावात विकतात.

सुरुवातीला सोंग काळात नुसता दगडच वापरायचे. त्याची भांडी व्हायची पण जास्त आच लागली की बसायची. युआन काळाच्या सुमारास त्यात गाओलिंगची माती मिसळायला लागले आणि मग भांडं १३०० डिग्रीच्या आसपासही उभं राहायला लागलं. दगड वितळून काच होतो, माती त्याला आतून धरून ठेवते. तिथले लोक म्हणतात माती म्हणजे हाडं आणि दगड म्हणजे मांस. फादर दांत्रकोल नावाचा फ्रेंच पाद्री तिथे राहत होता, त्यानं १७१२ आणि १७२२ साली दोन लांबलचक पत्रं लिहिली. त्यात एक किस्सा आहे की काही युरोपियन व्यापाऱ्यांनी फक्त दगडाच्या विटा नेऊन आपल्या देशात पोर्सेलिन करून बघितलं आणि फसले, तेव्हा इथला एक चिनी व्यापारी हसून म्हणाला, यांना हाडांशिवाय नुसत्या मांसाचं शरीर उभं करायचं होतं. माझ्या विद्यार्थ्यांना मी पहिल्या तासाला हेच सांगते आता.

त्याच पत्रांत गावाचं वर्णन आहे, तो लिहितो की वस्ती दहा लाखांची, भट्ट्या तीन हजार, आणि रात्री लांबून बघितलं तर अख्खं गाव पेटल्यासारखं किंवा अनेक तोंडांची एकच प्रचंड भट्टी असल्यासारखं दिसतं. आकडे त्याचे आहेत, थोडे फुगलेले असतीलही. पण मला त्यातलं दुसरंच वाक्य लक्षात राहिलं, आंधळी आणि अपंग माणसंसुद्धा इथे रंग घोटून पोट भरतात.

बाराखडी

एका भांड्याला किती माणसं लागायची हो? मला वाटायचं एक कुंभार बसून सगळं करतो.

चाकावरची_माती

@बाराखडी, नाही नाही, तीच तर गंमत आहे. १६३७ साली सोंग यिंगशिंग या चिनी लेखकानं लिहून ठेवलंय की एक पेला पुरा व्हायला बहात्तर हात फिरतो. एक जण चाकावर उचलतो. जुनं चाक जमिनीलगत, काठीनं फिरवायचं, आपल्या कुंभारासारखंच, मी बघून उडालेच. दुसरा साच्यावर थापून आकार सारखा करतो. मग ते पूर्ण वाळलं की तिसरा लोखंडी पात्यानं तासतो. आपण ओलसर असताना तासतो ना, ते कोरडं तासतात, भांड्यावर टिचकी मारून आवाजावरून जाडी ओळखतात, आणि कागदाएवढं पातळ होईपर्यंत हात थांबत नाही. एक चूक झाली की सगळी मेहनत गेली. मग रंगवणारे, त्यातही कडेची रेघ मारणारा वेगळा, फुलांची बाह्यरेषा काढणारा वेगळा, आत निळं भरणारा वेगळा. कोबाल्ट लावताना करडा काळपट दिसतो, निळं होईल हे फक्त मनात ठेवून काम करायचं. मग वरून झिलई, आणि एकाच फायरिंगमध्ये सगळं.

कच्ची भांडी लांब फळीवर ओळीनं ठेवून, ती फळी खांद्यावर घेऊन माणसं भर गर्दीच्या गल्लीतून चालत जातात, हे मी स्वतः बघितलं, आजही. सगळे बाजूला होऊन वाट देतात, स्कूटरवालेसुद्धा.

भट्टीत भांडं उघडं ठेवत नाहीत, जाड मातीच्या डब्यात ठेवून डब्यांच्या उतरंडी रचतात म्हणजे राख आणि ज्वाळा थेट लागत नाही. लाकूड पाइनचं, कारण त्याची ज्वाळा लांब आणि स्वच्छ. भट्टीचा जो मुख्य माणूस असायचा तो भोकातून आत थुंकायचा आणि थुंकी कशी उडते, कशी विरते त्यावरून आच ओळखायचा असं सांगतात. माझ्याकडे आच मोजणारा डिजिटल पायरोमीटर आहे तरी मला रात्री झोप लागत नाही.

गिरगावकर

या सगळ्यात मुंबईचं एक नातं आहे ते कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. निळ्यापांढऱ्या पोर्सेलिनचा काळ ठरवायचा झाला की जगात ज्या दोन भांड्यांकडे बघतात ती म्हणजे डेव्हिड व्हासेस. साधारण दोन फूट उंच जोडी, हत्तीच्या डोक्याचे कान, आणि मानेवर लेख की झांग वेनजिन नावाच्या भक्तानं घरादाराच्या सुखशांतीसाठी ही देवळाला अर्पण केली, साल १३५१. तारीख लिहिलेली असल्यामुळे बाकी सगळ्या युआन भांड्यांचा काळ तिच्याशी ताडून बघतात. आणि डेव्हिड कोण, तर सर पर्सिव्हल डेव्हिड, जन्म मुंबई, १८९२! बगदादी ज्यू घराणं, वडील सर ससून डेव्हिड गिरणीमालक, बँक ऑफ इंडियाच्या १९०६ च्या स्थापनेतले पुढारी. पर्सिव्हलनं आयुष्य चिनी पोर्सेलिन गोळा करण्यात आणि अभ्यासण्यात घालवलं, सुमारे १७०० वस्तू, आज ब्रिटिश म्युझियममध्ये स्वतंत्र दालन आहे. मुंबईत जन्मलेल्या माणसाचं नाव जिंगदेझेनच्या सगळ्यात महत्त्वाच्या भांड्यांना लागलंय, हे आपल्याकडे कुणालाच माहीत नसतं.

आणि लंडनला जायची गरज नाही, आपल्या फोर्टातल्या वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहातलं चिनी पोर्सेलिन आहे, दुसऱ्या मजल्यावर बघा. पारशी व्यापारी कँटनला (दक्षिण चीनमधलं बंदर, आजचं ग्वांगझोउ) जायचे तेव्हापासून त्यांच्या घरांत ही भांडी आहेत. त्यातली बरीच अशी की पांढरं भांडं जिंगदेझेनला घडवलेलं आणि वरची रंगीत नक्षी कँटनला रंगवलेली.

अनुस्वार

@गिरगावकर, भारी माहिती! मग दौलताबाद किल्ल्यातला चिनी महाल पण तिथलाच का? जिथे कुतुबशाहीचा शेवटचा सुलतान तानाशाहाला औरंगजेबानं कैदेत ठेवलं होतं. दर्शनी भिंतीवर निळ्या फरशांचे तुकडे अजून दिसतात.

शब्दवेडा

नाही, त्या फरशा जिंगदेझेनच्या नाहीत, ती इराणी पद्धतीची झिलईची फरशी. चकचकीत झिलईच्या कामाला फारसीतच 'चिनी' म्हणायची पद्धत पडली होती, आग्र्याच्या चिनी का रौजाचंही तेच. नाव चीनचं, वस्तू नाही.

खरी जिंगदेझेनची भांडी मात्र भारतात सापडली आहेत. दिल्लीला तुघलक राजवाड्याच्या अवशेषांत युआन काळातल्या निळ्यापांढऱ्या भांड्यांचा मोठा साठा मिळाला, सगळी फुटलेली, काहींवर फारसीत शाही मुदपाकखान्याची नोंद कोरलेली. म्हणजे चौदाव्या शतकात चांग नदीवरून निघालेलं ताट दिल्लीच्या सुलतानाच्या स्वयंपाकघरात. आणि आपल्या चौल-रेवदंड्याला नि जुन्या गोव्यातही चिनी भांड्यांचे तुकडे मिळतात. पोर्तुगीज मकावहून मलाक्का, मलाक्काहून गोवा, गोव्याहून लिस्बन अशी जहाजं न्यायचे, हा माल त्यात असायचाच. १६०३ साली डचांनी सिंगापूरजवळ पोर्तुगिजांचं सांता कातारिना जहाज पकडलं, त्यात लाखभर पोर्सेलिनचे नग होते म्हणतात, ते अॅमस्टरडॅमला विकले आणि तिथून उत्तर युरोपला या भांड्यांचं वेड लागलं.

भटकभवानी

पण समुद्र लांब आहे म्हणालात ना, मग न फुटता बंदरापर्यंत जायचं कसं??

चाकावरची_माती

होडीनं. हीच त्या भूगोलाची कमाल. चांग नदीतून पोयांग सरोवर, सरोवरातून गान नदीनं उलटं दक्षिणेला चढत जायचं जियांगशीच्या टोकापर्यंत, तिथे मेइलिंगची खिंड. खिंडीत तेवढा एक टप्पा हमाल खांद्यावर पेट्या न्यायचे, आणि पलीकडे उतरलं की पुन्हा नदी, थेट कँटनपर्यंत. शेकडो किलोमीटरमध्ये पायी फक्त एक घाट. बैलगाडीनं न्यायची असती तर निम्मी भांडी वाटेत गेली असती.

काकू_लोणचेवाल्या

सगळे एवढं लिहिताय तर माझाही एक प्रश्न, आमच्याकडे सासूबाईंच्या सासूबाईंची बरणी आहे, वर खाकी खाली पांढरी, ती पण तिथली असेल का गं?

चाकावरची_माती

काकू, ती बरणी जपा, पण ती पोर्सेलिन नाही, स्टोनवेअर, म्हणजे दगडासारखी घट्ट भाजलेली जाड माती. उजेडासमोर धरली तर बोटाची सावली आरपार दिसत नाही, पोर्सेलिनच्या पातळ पेल्यात दिसते. आणि टिचकी मारली तर पेला घंटेसारखा वाजतो. अशा बरण्या आपल्याच देशात व्हायच्या, सौराष्ट्रात थानला तर परशुराम गणपुळे या मराठी माणसानं पॉटरीचा कारखाना उभा केला होता. मीठ-तेल-आंबट काही केल्या झिरपत नाही हा तिचा गुण, लोणच्याला तीच हवी, पोर्सेलिनचं तिथे काही काम नाही.

लालबागचा_आहे

छान चाललंय सगळं पण बादशहा आणि संग्राहकच येतायत. काम करणाऱ्यांचं काय झालं ते सांगा. लालबागचा आहे म्हणून विचारतो, शेवटी कारखाने कुणाचे राहिले?

चाकावरची_माती

@लालबागचा_आहे, दादा, बरं झालं विचारलंत, हे मी लिहायला घेऊन दोनदा सोडलं होतं.

तिथे भट्टीचा देव आहे, थोंग बिन. तो कुणी पुराणातला नाही, भट्टीवरचा कामगार होता. वानली बादशहाच्या काळात, १५९९ च्या सुमारास, राजवाड्यातून पान शियांग नावाचा खोजा अधिकारी देखरेखीला आला. मोठमोठे ड्रॅगनचे हंडे हवे होते, ते प्रत्येक वेळी भट्टीत तडकायचे, आणि प्रत्येक तडकलेल्या हंड्यामागे कामगारांना फटके, उपासमार. कथा अशी की थोंग बिननं शेवटी स्वतः भट्टीत उडी घेतली. दुसऱ्या दिवशी हंडे अखंड निघाले. लोकांचा संताप उसळला, दंगे झाले, आणि मग त्याचं देऊळ बांधलं गेलं. आजही भट्टी पेटवण्याआधी त्याला नमस्कार करतात. मी केला. माझ्याच कामातल्या एका माणसाला हात जोडतेय हे जाणवून मला कसंतरीच झालं.

सगळे अधिकारी तसे नव्हते. १७२८ साली तांग यिंग म्हणून एक आला, त्याला पोर्सेलिनचं काही कळत नव्हतं. त्यानं तीन वर्षं मित्रमंडळी, भेटीगाठी सगळं बंद केलं आणि कामगारांबरोबरच राहिला, त्यांच्याबरोबर जेवला, काम शिकला. त्याच्या देखरेखीखाली जे झालं ते अनेकांच्या मते या गावाचं सर्वोत्तम काम. १७४३ साली त्यानं वीस चित्रांना टिपा लिहून सगळी पद्धत नोंदवून ठेवली.

१८५० च्या दशकात छिंग राजवटीविरुद्धच्या ताइपिंग बंडाच्या युद्धात गाव आणि शाही भट्ट्या जळाल्या. पुन्हा उभ्या राहिल्या. १९४९ नंतर सरकारी कारखाने आले, दहा मोठे, हजारो कामगार, क्वार्टर्स, शाळा, दवाखाने सगळं कारखान्याचंच. १९९० च्या दशकात ते एकामागून एक बंद पडले. ज्या आजींकडे मी राहत होते त्या एका कारखान्यात रंगकाम करायच्या, चाळिशीत घरी बसल्या. त्या म्हणाल्या, पहिले सहा महिने मी रोज सकाळी डबा भरायचे. नंतर गल्लीत एक खोली घेऊन त्या दुसऱ्यांसाठी कडेच्या रेघा मारायला लागल्या, आजही मारतात, हात जराही कापत नाही. बंद पडलेल्यांपैकी युझोउ कारखान्याचं २०१६ मध्ये ताओशीच्वान झालं, स्टुडिओ, दुकानं, कॅफे, जुनी चिमणी तशीच ठेवलीय. तरुण मुलं देशभरातून येऊन भाड्यानं खोल्या घेऊन भांडी करतात, त्यांना 'जिंगप्याओ' म्हणतात, म्हणजे जिंगमध्ये वाहत आलेले. विकणं सोपं नाही, भाडी वाढलीत, बरेच परत जातात. पण कारखाने गेले तरी कला गेली नाही याचं कारण मला एकच दिसतं, प्रत्येक कामाला अजून गल्लीत कुणीतरी आहे. तासणारा हवा, आहे. डबे करणारा हवा, आहे. फक्त ब्रश विकणारं दुकान, आहे.

लालबागचा_आहे

डब्याचं वाचून थांबलो. धन्यवाद ताई.

तांबडी_माती

एक भर. तिथेच हेलिकॉप्टरचाही मोठा कारखाना आहे, चांगहे नावाचा, आणि संशोधन संस्थाही. १९६० च्या दशकाअखेर चीननं असे उद्योग किनाऱ्यापासून लांब आत डोंगरात नेले त्यातलं ते. समुद्रापासून लांब असणं असंही उपयोगी पडलं.

बाराखडी

ताई, २०१४ साली एक कोंबड्यांचं चित्र असलेला छोटा पेला हाँगकाँगला २८ कोटी हाँगकाँग डॉलरला विकला गेला होता तो पण इथलाच ना? ज्यानं घेतला त्यानं त्यात चहा पिऊन फोटो काढला होता.

चाकावरची_माती

हो, मिंग काळातल्या छंगह्वा बादशहाच्या वेळचा, पंधरावं शतक. कोंबडा, कोंबडी आणि पिल्लं. त्याचे फुटके भाऊबंद शाही भट्टीच्या खड्ड्यात मिळालेत, ते तिथे म्युझियममध्ये बघितले. चहा प्यायला त्यात मला काही वावगं वाटत नाही, पेला आहे तो, पिण्यासाठीच केला होता.

गिरगावकर

या रविवारी नातीला घेऊन म्युझियमला जायचं ठरवतोय, धागा वाचून. तिला काय दाखवू सांगा, ती दहा वर्षांची आहे.

चाकावरची_माती

काका, नक्षी ती आपली आपण बघेलच. तिला म्हणावं भांड्याच्या तळाची कड शोध, जिथे झिलई नाही. भट्टीत चिकटू नये म्हणून तेवढी पुसून काढतात. तिथे माती उघडी दिसते, आणि जुन्या भांड्यावर तिच्या कडेला बारीक नारिंगी छटा असते, मातीतल्या लोखंडाची. आणि बशी तिरकी बघितली तर कधी कधी तासणाऱ्याच्या पात्याच्या गोल रेघा झिलईखाली दिसतात. ते सापडलं की तिला कळेल हे कुणीतरी हातानं केलंय.

भट्टी दीडशे डिग्रीवर आलीय, अजून दोन तास उघडता येणार नाही. चहा टाकते.

गिरगावकर

बरं. टॉर्च घेऊन जातो.